विश्लेषण : कामाचे वाढीव तास आणि हृदयावरचा भार

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत, तर दुकाने व खासगी आस्थापनांमधील मर्यादा ९ वरून १० तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. गुजरात आणि आंध्र प्रदेशनेही त्याच वर्षी अशी पावले उचलली. त्यावरील चर्चा गुंतवणूक, उत्पादन आणि रोजगार यांभोवती फिरली. कामगाराच्या रक्तदाबाचा विषय त्यात क्वचितच निघाला.

वास्तविक त्याविषयी ठोस माहिती उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास वा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात दीर्घ कामाशी निगडित अशा मृत्यूंची संख्या ७ लाख ४५ हजार होती.

यामागची प्रक्रिया गूढ नाही. संकटाची चाहूल लागताच शरीरात अॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल स्रवतात, नाडी जलद होते, रक्तातील साखर वाढते. प्रसंग टळला की सारे पूर्ववत व्हावे, अशी ही रचना आहे. तो टळतच नाही तेव्हा रक्तदाब चढा राहतो, झोप तुटते आणि रक्तवाहिन्यांची हानी होत जाते. त्यात तंबाखू, अवेळी जेवण आणि व्यायामाचा अभाव यांची भर पडते. असा रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो बहुधा डोकेदुखी वा आम्लपित्ताची तक्रार घेऊन. मनावरील ताणाबद्दल तो बोलत नाही.

आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, हा सरकारचा युक्तिवाद खरा आहे. मात्र याच निर्णयात तिमाहीतील अतिरिक्त कामाची कमाल मर्यादा १४४ तासांवर नेण्यात आली. तेरा आठवड्यांत ती विभागली तर दर आठवड्याला सुमारे ११ तास होतात, म्हणजे एकूण ५९. त्यासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक असली, तरी नोकरी टिकवू पाहणारा कामगार ती कितपत नाकारू शकेल, हा प्रश्न उरतोच. बारा तासांच्या पाळीत उभा राहणारा सुरक्षारक्षक तर ५५ तासांचा टप्पा पाचव्याच दिवशी ओलांडतो.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकावरील सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती उपयुक्त आहे, परंतु पाळीची लांबी ठरविणे तिच्या हाती नाही. जपानमध्ये महिन्याला १०० तास किंवा काही महिने सरासरी ८० तास जादा काम केल्यानंतर आलेला हृदयविकार व्यवसायजन्य मानून भरपाई दिली जाते. भारतातील अधिसूचित व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा आणि सिलिकोसिस आहेत. अतिकामाने जडलेला हृदयविकार मात्र त्यात नाही.