मनगटाचे देणे

गोमंतकातील काजूच्या कारखान्यांत दिवसभर बी फोडणाऱ्या भगिनीची बोटे रात्री बधिर होतात. हात झटकून ती सकाळी पुन्हा कामावर जाते. लोक त्याला वात म्हणतात. मनगटातील अरुंद बोगद्यात मज्जातंतू दाबला गेल्याने जडणारी ही व्याधी मधुमेहातही होते, हे खरे. परंतु जोर लावून तेच ते काम केल्यानेही ती जडते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली व्यावसायिक रोगांच्या यादीत तिचा समावेश केला. दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू सुकतो, पकड जाते आणि पकडीबरोबर रोजगारही. तेव्हा डॉक्टरांनी रुग्णाचा व्यवसाय विचारावा, मालकांनी काम आलटून पालटून द्यावे, सरकारने अशा हातांची नोंद ठेवावी. श्रमाचे हे देणे फार काळ थकवून चालणार नाही.