गल्लीत कुणी घेतलीये परवानगी?

आमचं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलंय. परवानगीचं काय, असं विचारलं तर बाबा म्हणाले, ‘‘गल्लीत कुणी घेतलीये?’’ तुमच्याही घरी हेच ऐकलं असेल.

बाबांना खेट्यांची आणि ‘चहापाण्याची’ धास्ती आहे. ती खोटी नाहीच. पण मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेली 2020ची बांधकाम नियमावली बघा. मंजूर लेआउटमधल्या 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी नियमात बसणारा नकाशा आर्किटेक्टमार्फत देऊन शुल्क भरलं, की पावती हीच परवानगी. आमचा प्लॉट एक गुंठा, म्हणजे 101 चौरस मीटर!

नकाशा द्यायचा म्हणजे कॉलम किती जाडीचे, हे मिस्त्रीच्या अंदाजावर राहत नाही. शिळफाट्याला 2013 मध्ये विनापरवाना इमारत कोसळली, 74 माणसं गेली. आपलं घर दोनच मजल्यांचं, पण स्लॅबखाली झोपणारी माणसं आपलीच ना?

शिवाय घर बांधणार बाबा. उद्या नोटीस आली किंवा बँकेने मंजूर नकाशा मागितला, तेव्हा कागदावर नाव कदाचित आपलं असेल. म्हणून पाया खोदायच्या आधीच तोंड उघडा.

मी बाबांना आर्किटेक्टचा नंबर पाठवलाय. ब्लू टिक आलीये, उत्तर नाही.