कलेक्टर तिकीट तपासतो का?

बालमित्रांनो, मागच्या वेळी आपण घड्याळातली वेळ इंग्रजीत सांगायला शिकलो. किती जणांनी घरी सराव केला, खरं सांगा बरं! आज मात्र पुस्तक दप्तरातच राहू द्या. आज आपल्याला रस्त्यावर जायचंय.

त्याचं असं झालं. चौथीच्या वर्गात माझा इंग्रजीचा तास चालू होता. शेवटच्या ओळीत एक मुलगा नेहमीसारखाच मान खाली घालून बसला होता. गणितात हुशार, कबड्डीत सगळ्यांच्या पुढे. पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की याचं तोंड बंद! मी त्याला उभं करून धडा वाचायला सांगितलं. तो वाचेना. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा हळूच म्हणाला, "सर, इंग्रज तं १९४७ लाच गेले ना? मग त्यांची भाषा आपण कशाला शिकायची?"

सगळा वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू आलं नाही. प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हणालो, "शनिवारी उत्तर देतो."

शनिवारी आमची सकाळची शाळा. आमचं नशिराबाद जळगाव आणि भुसावळच्या दरम्यान, मोठ्या रस्त्यावरचं गाव. दिवसभर गाड्यांची वर्दळ. मुलांना रांगेत घेऊन मी एसटीच्या थांब्यावर गेलो. नियम एकच : दिसेल किंवा ऐकू येईल तो इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत वहीत लिहायचा. झालं! मुलं तुटून पडली. बस, ड्रायव्हर, कंडक्टर, तिकीट, पास, स्टॉप, ब्रेक, हॉर्न, टायर, डिझेल, हाफ तिकीट... एका मुलीने तर नंबर प्लेटवरची 'एमएच १९' ही अक्षरंही टिपली. एमएच म्हणजे महाराष्ट्र आणि १९ म्हणजे आपला जळगाव जिल्हा. धुळ्याचा आकडा १८.

इतक्यात कंडक्टरने घंटी वाजवली. टण! एक घंटी म्हणजे थांबा. टण टण! दोन घंट्या म्हणजे चला. एक जण ओरडला, "सर, घंटीची भाषा कुठे लिहू? ही तं मराठी बी नाही न इंग्रजी बी नाही!"

वर्गात परत आलो आणि एकेक शब्द फळ्यावर लिहिला. फळा भरला, जागा उरली नाही. मी विचारलं, "यातल्या कोणत्या शब्दाचा अर्थ कळत नाही?" हात वर झाला नाही. आता मला सांगा, ज्याला एवढे इंग्रजी शब्द अर्थासकट येतात, त्याला 'इंग्रजी येत नाही' कसं म्हणायचं?

मुलांनो, हे शब्द आपल्याकडे आले कसे, ती मोठी गमतीची गोष्ट आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. पुढच्या काही वर्षांत रूळ खानदेशात आले आणि भुसावळ हे मोठं जंक्शन झालं. गाडीबरोबर तिचे शब्दही आले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते इंग्रजी शब्द घासून-पुसून आपल्या जिभेला बसतील असे केले. प्लॅटफॉर्मचा झाला फलाट, स्टेशनचं झालं टेसन, तिकेटचं झालं तिकीट! त्या कुठल्या शाळेत गेल्या होत्या? पण शब्दांना त्या घाबरल्या नाहीत.

आणि 'बस' हा शब्द बघा. १८२९ साली लंडनमध्ये जॉर्ज शिलिबिअर नावाच्या माणसाने लोकांची ने-आण करायला घोड्यांची मोठी गाडी सुरू केली. तिला म्हणत 'ऑम्निबस'. हा लॅटिन भाषेतला शब्द, त्याचा अर्थ 'सर्वांसाठी'. लोकांनी पुढचा भाग टाकून दिला आणि शेपटी तेवढी ठेवली : बस! आपली एसटी म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट, राज्याची वाहतूक. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. शेतकरी, मास्तर, बाजाराला निघालेली आजी, सगळे एकाच गाडीत. 'सर्वांसाठी' हे नाव शोभतं की नाही?

आता एक जादूची किल्ली देतो. 'ड्राइव्ह' म्हणजे चालवणे आणि ड्रायव्हर म्हणजे चालवणारा. 'कंडक्ट' म्हणजे सोबत नेणे, काम पार पाडणे, म्हणून कंडक्टर. 'चेक' म्हणजे तपासणे, म्हणून चेकर. क्रियापदाच्या शेवटी 'अर' लागला की बहुतेक वेळा 'ते काम करणारा' तयार होतो. लिहिताना कुठे ई-आर लागतात, कुठे ओ-आर, एवढाच फरक.

"मग कलेक्टर?" मी विचारलं.

"कलेक्ट म्हणजे गोळा करणे. गोळा करणारा!"

"शाब्बास! आणि रेल्वेतला टीसी?"

"टिकेट कलेक्टर." मग एक जण डोळे मोठे करून म्हणाला, "म्हणजे सर, जळगावचे कलेक्टरसाहेब तिकीट तपासतात?"

पुन्हा हशा! पण त्याची शंका अगदीच खोटी नव्हती. दोघांचं नाव एकाच शब्दातून आलंय. १८१८ साली पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. शेतकऱ्यांकडून सारा गोळा करायला त्यांनी जो साहेब नेमला, तो कलेक्टर. तेव्हा त्याची कचेरी होती धुळ्याला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि पूर्व खानदेशची कचेरी जळगावला आली. इंग्रज गेले, नाव राहिलं. काम मात्र बदललं. आता कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी. निवडणूक घेणं, पूर आला तर मदत पोचवणं, अशी कितीतरी कामं त्यांच्याकडे असतात.

मुलांना किल्ली फारच आवडली. व्होट करणारा व्होटर, लीड करणारा लीडर, स्पीक करणारा स्पीकर! लंडनच्या पार्लमेंटमधला स्पीकर पूर्वी सभासदांचं म्हणणं राजापुढे जाऊन बोलायचा, म्हणून तो स्पीकर. आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांनाही इंग्रजीत स्पीकरच म्हणतात. खुद्द 'पार्लमेंट' हा शब्दही 'बोलणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलाय.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, "सर, मिनिस्ट करणारा मिनिस्टर!"

इथे किल्ली अडकली. 'मिनिस्ट' असं क्रियापदच नाही. मिनिस्टर हाही मुळात लॅटिन शब्द आहे. अर्थ सांगू? सेवक! लाल दिव्याची गाडी असो की नसो, नावाप्रमाणे मंत्री हा लोकांचा सेवक. हे लक्षात ठेवा, मोठेपणी मत देताना उपयोगी पडेल.

या गडबडीत माझं लक्ष त्या शेवटच्या ओळीतल्या मुलाकडे गेलं. त्याच्या वहीची दोन पानं भरली होती. परमिट, लायसन, फिटनेस, इन्शुरन्स, पासिंग, गिअर, क्लच... सगळ्या वर्गात त्याचेच शब्द जास्त!

"एवढे कुठून आणलेस रे?"

"पप्पांची रिक्षा आहे ना, सर."

शाळा सुटल्यावर तो थांबला आणि मग त्याने खरी गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी रिक्षाच्या इन्शुरन्सची मुदत संपली होती. कागद घरातच होता, पेटीत नीट घडी घालून ठेवलेला. पण सगळा इंग्रजीत. पप्पांना वाटलं, अजून मुदत आहे. रस्त्यात तपासणी झाली, दंड भरावा लागला. त्या पैशांतून त्याला सायकल घ्यायची होती, ती राहून गेली. "त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत, सर," तो म्हणाला.

आता मला कळलं, त्याचा राग इंग्रजांवर नव्हताच. तो त्या कागदावर होता.

माझ्या खिशात भुसावळहून जळगावला आल्याचं रेल्वेचं जुनं तिकीट होतं. मी ते त्याच्या हातात दिलं. त्यावर दोन छोटे शब्द होते : 'फ्रॉम' आणि 'टू'. फ्रॉम भुसावळ, टू जळगाव. इथून, तिथपर्यंत. "एवढे दोन शब्द ओळखता येतील?" त्याने मान डोलावली. "मग सोमवारी तो कागद घेऊन ये."

सोमवारी आम्ही दोघांनी नवा कागद उघडला. बारीक अक्षरांची नुसती गर्दी. पण त्याने बोट फिरवत फिरवत बरोबर ते दोन शब्द शोधले. 'फ्रॉम'च्या पुढे एक तारीख, 'टू'च्या पुढे दुसरी. त्या संध्याकाळी घरच्या कॅलेंडरवर त्याने स्वतःच्या हाताने शेवटच्या तारखेला लाल गोल केला. दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला तो दुसऱ्या ओळीत येऊन बसला. मी त्याला काही बोललो नाही.

मुलांनो, माझीही एक गंमत सांगतो. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वर्षी मी पाचवीत होतो आणि माझी धाकटी बहीण पहिलीत. दोघांनी एकाच वर्षी एबीसीडी गिरवली! तिच्या चुका कुणाला दिसत नसत, माझ्या मात्र सगळ्यांना दिसत. मला फार लाज वाटायची. आज वाटतं, लाजण्यात वर्षं उगाच गेली.

तर त्या प्रश्नाचं उत्तर हे असं. इंग्रज गेले, पण कागद राहिले, पाट्या राहिल्या, शब्द राहिले. ते वाचता आले तर आपल्याला कुणी फसवणार नाही आणि आपली चूकही होणार नाही. आपली मराठी घट्ट धरून दुसरी भाषा शिकायची. घर आपलंच ठेवायचं, फक्त खिडकी आणखी एक उघडायची.

या आठवड्याचं काम : घरातलं रेल्वेचं तिकीट, वीजबिल किंवा गाडीचा एखादा कागद आई-बाबांना विचारून घ्या. त्यावरचे ओळखीचे दहा इंग्रजी शब्द लिहा. 'अर' लागून तयार झालेले पाच शब्दही शोधा. किल्ली कुठे अडकली, तेही लिहा.

आणि पालकहो, आपल्यालाही एक विनंती. 'तुला इंग्रजी येत नाही' असं मुलाला म्हणू नका. त्याच्या हातात एखादा कागद द्या आणि म्हणा, "बघ बरं, यातलं काय काय येतं?" दोन शब्द आले तरी शाबासकी द्या. सुरुवात दोन शब्दांनीच होते.

भेटू पुढच्या अंकात. टण टण!