आट्यांचा हिशेब आणि जुनी सायकल

नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावरचे नरसिंहपूर हे पुणे जिल्ह्याचे अगदी आग्नेयेकडचे टोक. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. येथल्या माणसाला सायकलीचा एखादा सुटा भाग हवा असेल, तर इंदापूर, अकलूज किंवा टेंभुर्णी गाठावे लागते. टायर, ट्यूब, साखळी यांची अडचण पडत नाही. पण वाकड्या हँडलची, जुन्या काळातील शर्यतीची सायकल नेऊन ‘हँडलचा कप-कोन सेट द्या’ असे म्हटले, की दुकानदार मान हलवतो. ‘याला बसणारा येत नाही, नवी सायकल घ्या.’ मग उत्तम पोलादी फ्रेम गोठ्यात टांगली जाते आणि पुढे वजनावर भंगारात जाते. माझे स्पष्ट मत असे की, गंजामुळे जेवढ्या सायकली जात नसतील, तेवढ्या कुणी माप न घेतल्यामुळे जातात.

चिमट्याची दांडी फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत फिरते. नळीच्या वर आणि खाली एकेक वाटी, तिला जुळणारा कोन आणि मधे छर्रे अशी ही रचना असते. चाकातील छर्रे गोल गोल फिरतात. हँडलचे छर्रे मात्र बहुतेक वेळ एकाच जागी बसलेले असतात. प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्याच जागेवर बसतो आणि खालच्या कोनात छर्‍यांच्या आकाराचे खड्डे पडत जातात. हँडल सरळ धरले असता ‘खट्’ करून अडकते, ते यामुळेच.

आता आट्यांकडे वळू. बहुतेक जुन्या सायकलींच्या दांडीचा बाहेरचा व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असतो. प्रचलित मानकाप्रमाणे तिच्यावर इंचाला २४ आटे असतात. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने मात्र आपल्या बहुतेक सायकलींवर इंचाला २६ आटे ठेवले होते. जुन्या फ्रेंच सायकलींची दांडी २५ मिलिमीटरची आणि आटे एकेका मिलिमीटरवर. इटालियन आटे इंचाला २४च, परंतु त्यांचा कोन ६० अंशांऐवजी ५५ अंशांचा.

२४ आणि २६ यांत फरक तो किती? एका आट्यामागे १.०५८ आणि ०.९७७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ०.०८ मिलिमीटरचा. पण मित्रहो, ही गंमत तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेली आहे. अर्ध्या इंचात एका पट्टीवर १२ आणि दुसरीवर १३ भाग : हे तर व्हर्नियरच झाले! सुरुवातीला दोन्ही आटे जुळतात, म्हणून नट एक-दोन फेरे सहज फिरतो. पुढे चूक साठत जाते. पाव इंचावर एकाचा उंचवटा नेमका दुसर्‍याच्या उंचवट्यासमोर येतो. या ठिकाणी मोठा पाना लावून जोर करणारा माणूस आटे कापत असतो. हँडल ज्यावर अवलंबून आहे ते आटे असे अर्धवट झाले, तर उतारावर काय होईल हे सांगायला नको.

खालच्या कोनाचेही तसेच. एका मानकात त्याच्या भोकाचा व्यास २६.४ मिलिमीटर, तर जपानी मानकात २७.० मिलिमीटर. ‘तापवून बसवू’ असे सांगणारेही भेटतात. पोलाद १०० अंश सेल्सिअसने तापवले, तर २६.४ मिलिमीटरचे भोक जेमतेम ०.०३ मिलिमीटरने वाढते. ०.६ मिलिमीटर वाढवायचे तर सुमारे १९०० अंश हवेत. पोलाद त्याच्या बरेच आधी वितळते.

आट्यांचा हा गोंधळ नवा नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात समान आट्यांची योजना मांडली ती याच त्रासापायी. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला आग लागली तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण त्यांच्या नळ्या तेथील पाण्याच्या तोट्यांना जुळेनात. दीड हजारांवर इमारती जळाल्या.

टायरची अडचण का पडत नाही, याचा विचार करा. त्याच्या कडेवर २८ × १½ किंवा ४०-६३५ असे माप छापलेले असते. मग चिमट्याच्या दांडीवर ‘२४’ किंवा ‘२६’ हे दोन आकडे ठोकायला कारखान्याला किती खर्च आला असता? ते ठोकले नाहीत, आणि त्याचा भुर्दंड गिर्‍हाइकाला पडतो. दुकानदाराला मी दोष देणार नाही. जे खपते तेच तो ठेवणार. आणि नावावरूनही निर्णय करू नये. रॅलेच्या नावाच्या सायकली आपल्याकडे आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातही होत असत. तेव्हा मोजणे हाच उपाय.

कागदाची पट्टी आट्यांवर धरून पेन्सिल घासा आणि १२.७ मिलिमीटरमध्ये किती रेघा उमटतात ते मोजा. २६ निघाले तरी निराश होऊ नका. आटे असतात ते फक्त वरच्या कोनाला व नटाला, आणि झीज मुख्यतः खाली होते. वरचे जुने भाग चांगले असतील तर रॉकेलने धुऊन तेच ठेवावेत; खालची वाटी व कोन तेवढे व्यासाप्रमाणे नवे आणावेत. वर-खाली दोन निरनिराळ्या बनावटी चालतात.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. वर्षानुवर्षे तोच लाकडी ठोकळा आणि तोच गोळा मोजून मुले कंटाळतात, कारण उत्तर आधीच्या वर्गाच्या वहीत असते. त्यांना एक मोडका चिमटा आणून द्या. शाळेतील स्क्रू गेज बहुधा २५ मिलिमीटरपर्यंतच उघडतो, त्यात एक इंची दांडी मावत नाही; तेथे व्हर्नियर लागेल. छर्‍यांना मात्र स्क्रू गेजच हवा. ५/३२ इंचाचा छर्रा ३.९७ मिलिमीटरचा भरतो, आणि शेजारच्या डबीतला ४ मिलिमीटरचा छर्रा व्हर्नियरवर अगदी तसाच दिसतो. दोन्ही एका वाटीत मिसळले, तर सारा भार मोठ्या छर्‍यांवर पडतो आणि कोनात पुन्हा खड्डे पडू लागतात.