फ्लश हा वेळेचा अपव्यय नव्हे

संपादक महोदय,


गेल्या अंकातल्या लेखात ‘आभासी डिस्क म्हणजे शेवटी एक फाइलच, तिच्या ड्रायव्हरमध्ये डोकं लावण्यासारखं काही नाही’ असं म्हटलं आहे. ते मला मुळीच पटलं नाही.

जुन्या आयडीई डिस्कची हुबेहूब नक्कल केली, तर एका वाचनासाठी आभासी यंत्राच्या आतल्या सिस्टिमला अनेक रजिस्टरांत लिहावं लागतं आणि दर वेळी ताबा हायपरवायझरकडे, म्हणजे आभासी यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, जातो. सगळा वेळ या येरझाऱ्यांत जातो. रस्टी रसेल यांनी 2008 च्या निबंधात मांडलेल्या व्हर्टआयओ या पद्धतीने ही नक्कलच सोडून दिली. सामायिक मेमरीत विनंत्या मांडायच्या आणि एकदाच हाक मारायची. प्रत्येक विनंतीला 16 बाइटांचं हेडर, मग डेटा, शेवटी 1 बाइट: काम झालं की फसलं, एवढंच सांगणारा. किती विचारपूर्वक केलेली रचना आहे ही!

पण माझा खरा आक्षेप त्याच लेखातल्या ‘वेगासाठी फ्लश बंद ठेवा’ या सल्ल्याला आहे. फ्लश म्हणजे लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवण्याचा आदेश. मी पूर्वी जिथे नोकरीला होतो, तिथे तो असाच बंद ठेवला होता. एका रात्री वीज गेली, यूपीएसनेही दगा दिला. सकाळी हिशेबाचा डेटाबेस उघडेना. ‘लिहिलं’ असं ड्रायव्हरने कळवलेल्या नोंदी यजमान यंत्राच्या मेमरीतच विरून गेल्या होत्या. तीन दिवस आम्ही कागदी पावत्यांवरून त्या पुन्हा भरत होतो.

कृपया तो सल्ला पुढच्या अंकात दुरुस्त करावा.

आपला,
एक सिस्टिम प्रशासक, पुणे