शाळेचं शौचालय साफ कोण करतं?

15 ऑगस्ट 2014 रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली : वर्षभरात प्रत्येक शाळेत मुला-मुलींसाठी स्वतंत्र शौचालय. वर्षभराने उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे जाहीरही झाले. मग 2020 मध्ये कॅगचा अहवाल आला. 15 राज्यांत सरकारी कंपन्यांनी शाळांमध्ये बांधलेल्या शौचालयांची पाहणी केली, तेव्हा 72 टक्के ठिकाणी वाहते पाणी नव्हते आणि 55 टक्के ठिकाणी हात धुण्याची सोय नव्हती.

यावर बरेच लिहिले गेले. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जे शौचालय वापरात आहे, ते रोज साफ कोण करतं?

हिशोब पाहा. समग्र शिक्षा अभियानात 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25 हजार रुपये संयुक्त अनुदान ठरले. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. म्हणजे अडीच हजार, महिन्याला जेमतेम दोनशे रुपये. एवढ्यात फिनेल आणि साबण येईल, रोजचा सफाई कामगार येणार नाही. मग फुकटचे हात शोधले जातात आणि ते कुठल्या वस्तीत सापडतात हे आपल्याला सांगायला नको.

2022 मध्ये तमिळनाडूच्या इरोड जिल्ह्यात दलित विद्यार्थ्यांकडून शौचालय साफ करून घेतल्याबद्दल एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेला अटक झाली. 2023 मध्ये कर्नाटकच्या कोलार जिल्ह्यात निवासी शाळेतल्या दलित मुलांना मैल्याच्या टाकीत उतरवले गेले. महाराष्ट्र फुले-शाहू-आंबेडकरांचा आहे, म्हणून इथे असे होत नाही, या भ्रमात राहू नका.

काही जण म्हणतात, ही श्रमप्रतिष्ठा आहे, मुलांना स्वावलंबन शिकू द्या. वर्ग झाडायला आमचा विरोध नाही. हजेरीपटाच्या क्रमाने सगळ्यांनी झाडावा, सरपंचाच्या मुलानेही. पण संडास धुणे हे मुलांचे काम नाही, कुठल्याच जातीच्या मुलांचे नाही. सातारच्या शाळेत बाल भीमरावाला शिपाई असेल तरच पाणी मिळायचे. आज नळाला हात लावू देतात, पण झाडू देताना जात आठवते. फरक एवढाच.

मग करायचे काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात आणि निम्म्या महिला हव्यात. आपल्या आयाबहिणींना त्या जागांवर बसवा, नुसत्या सहीपुरत्या नव्हे. बैठकीत तीन गोष्टी विचारा : पाणी रोज येते का, स्वच्छतेचे पैसे कुठे गेले, आणि साफसफाई कोणाकडून करून घेतली जाते. उत्तर लेखी मागा. ग्रामसभेत पगारी सफाई कामगाराचा ठराव मांडा. त्याला किमान वेतन, हातमोजे आणि बूट मिळालेच पाहिजेत. ते काम पुन्हा आपल्याच वस्तीच्या वाट्याला बांधून दिले जाणार नाही, हेही पाहा. आणि मुलाच्या हाती जात बघून झाडू दिला असेल, तर अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला कचरू नका.

14 एप्रिलच्या मिरवणुकीसाठी आपण महिनाभर राबतो. त्यातला एक दिवस गावच्या शाळेला द्या.

जयभीम!