हराम कार्ड आणि हलाल हप्ता

गेल्या रमजानमध्ये माझ्या खालाच्या मुलीने ईदसाठी ड्रेस मटेरियल मागवलं. सोशल मीडियावरचं एक पान, छान छान फोटो, आणि "आजच पैसे भरा, उद्या भाव वाढेल". तिने क्यूआर कोड स्कॅन करून 6,500 रुपये पाठवले. पार्सल आलंच नाही, नंबरही बंद झाला. इफ्तारनंतर घरात चर्चा सुरू झाली तेव्हा खालू म्हणाले, "शुक्र है, क्रेडिट कार्ड तो नहीं था."

मला तेव्हापासून हे वाक्य छळतंय. पैसे गेले, पोरगी रडली, आणि आपल्याला समाधान कशाचं, तर कार्ड नव्हतं याचं! त्या विक्रेत्याने एका व्यक्तीच्या खात्याचा कोड दिला होता. असे पैसे एकदा गेले की बँक म्हणते, तुम्हीच पिन टाकून पाठवलेत. कार्ड स्वीकारणाऱ्या दुकानदाराला आधी कुठल्या तरी बँकेची किंवा पेमेंट गेटवेची तपासणी पार करावी लागते. माल आला नाही तर ग्राहक आपल्या बँकेकडे चार्जबॅकची मागणी करू शकतो आणि माल पोहोचवल्याचा पुरावा दुकानदाराला द्यावा लागतो. दर वेळी पैसे परत मिळतात असं नाही. पण दाद मागायला एक दार तरी असतं. खालूंनी ज्याबद्दल शुक्र मानला ते हेच दार.

आता मूळ मुद्द्यावर येतो. "कार्ड हराम आहे" हे वाक्य आपल्याकडे चर्चा सुरू करायला वापरत नाहीत, बंद करायला वापरतात. मी मुफ्ती नाही, इंजिनिअर आहे. पण वाचता येतं. ओआयसीशी संलग्न आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 2000 साली रियाधमध्ये ठराव केला की, करारातच व्याजाची अट असेल तर असं क्रेडिट कार्ड घेणं आणि वापरणं जायज नाही, मुदतीत पैसे भरायचा इरादा असला तरीही. दुसरीकडे, पूर्ण बिल वेळेवर भरणारा व्याज देतच नाही, म्हणून गरजेपोटी वापरायला हरकत नाही, असं मानणारे उलेमाही आहेत. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. जो पहिली बाजू मानतो आणि तशी जगतो, त्याच्याशी माझं काही भांडण नाही.

भांडण आहे ते ठराव तोंडपाठ म्हणणाऱ्या आणि खिशात हप्त्यावरचा फोन बाळगणाऱ्या मित्राशी. विचारलं तर म्हणतो, "अरे, हा नो कॉस्ट आहे, यात व्याज नाही." कोण म्हणतं? सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांपासून रोखलं, कारण शून्य व्याज नावाची गोष्टच नसते, ते प्रोसेसिंग फीसारख्या नावाखाली लपवलेलं असतं. आजच्या नो कॉस्टमध्ये बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढ्या रकमेची सूट आधी दाखवते. आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी बहुतेक वेळा तुमच्या बिलात येतो. बिलाचं दुसरं पान उघडून बघा, "इंटरेस्ट" हा शब्द तिथे छापलेला असतो. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट गेली ती वेगळीच. कार्डाला हराम म्हणायचं आणि हा हप्ता हलाल ठरवायचा, हे कोणत्या फिकहमध्ये बसतं?

आता स्वतःबद्दल, नाहीतर तुम्ही म्हणाल इंजिनिअर शहाणपण शिकवतोय. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत कार्ड मिळालं आणि मी लॅपटॉप घेतला. बिलावर दोन आकडे होते, एकूण देय आणि किमान देय. मी पाच महिने किमान भरत राहिलो आणि आपण वेळेवर पैसे भरणारा जबाबदार माणूस आहोत असं समजत राहिलो. हिशेब करून पाहा. 40,000 चं बिल, 2,000 किमान भरले, उरले 38,000. महिन्याला 3.5 टक्के दर धरला तर 1,330 रुपये व्याज, त्यावर जीएसटी सुमारे 239. पुढच्या महिन्यात पुन्हा 2,000 भरले की मुद्दल कमी होतं जेमतेम 430 रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला की त्याच दिवसापासून व्याज सुरू. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला हे कळायला पाच महिने लागले! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये वर्षाला 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. म्हणजे ती मर्यादाही आता उरली नाही.

मग कार्ड वापरायचं तरी का? माझं कारण साधं आहे. ऑनलाइन गडबड झाली तर तक्रार चालू असताना कोणाचे पैसे अडकतात, हा खरा प्रश्न आहे. डेबिट कार्डात तुमचा पगार अडकतो. क्रेडिट कार्डात अजून न भरलेलं बिल वादात असतं. रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक दोन्ही कार्डांना लागू आहे. तुमची चूक नसताना तिसऱ्या कोणामुळे पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. बँकेने दहा कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. ओटीपी तुम्हीच सांगितलात तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजून गप्प बसू नका. आधी बँकेला फोन, मग 1930. आपल्या मुली घरी ओरडा बसेल म्हणून दोन-दोन आठवडे सांगत नाहीत आणि मुदत निघून जाते.

"साइटवर कार्ड नंबर टाकला की चोरीला जातो" ही भीतीही आता जुनी झाली. 1 ऑक्टोबर 2022 पासून भारतात दुकानदाराला तुमचा कार्ड नंबर साठवता येत नाही. त्याच्याकडे राहतो फक्त टोकन, जो दुसऱ्या दुकानात चालत नाही. परदेशी साइटवर मात्र ओटीपीशिवायही पैसे कटू शकतात. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराचं बटण असतं, ते बंदच ठेवा.

आणखी एक बाजू आहे, ती आपल्या मोहल्ल्याची. काही बँका ठरावीक वस्त्यांना "निगेटिव्ह" भाग ठरवून तिथे कर्जासारख्या सोयी सहज देत नाहीत, असं सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवलं. वेळेवर भरलेल्या बिलांमुळे क्रेडिटची नोंद तयार होते, म्हणून तरुणांनी कार्ड घ्यावं, असं काही जण सांगतात. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. ती नोंद शेवटी कर्ज घेण्यासाठीच वापरायची असते, आणि ज्याला व्याजाचं कर्ज नकोच आहे त्याला तिचा उपयोग काय, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

खालाच्या मुलीने मागच्या आठवड्यात विचारलं, "भाईजान, मैं क्या करूं?" तिला रियाधचा ठराव पटतो. मग तिच्यासाठी आम्ही वेगळं बचत खातं उघडलं, त्यात लागेल तेवढेच पैसे, त्याचं डेबिट कार्ड, रोजची मर्यादा 5,000. मी माझं क्रेडिट कार्ड ठेवलंय. पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल अशी सोय केली आहे आणि हप्त्याचा प्रत्येक मेसेज खोडून टाकतो. खालू अजून दोघांवर नाराज आहेत. त्यांचा नवा टीव्ही बारा हप्त्यांवर आलाय.